या महिन्यात म्हातारी कोणाकडे?

भावाभावांत वाटणी ठरते तेव्हा गावातली चार जाणती माणसं बोलावली जातात. तलाठी भाऊसाहेबांकडून आणलेले उतारे ओसरीवर मांडलेले असतात. विहिरीचं पाणी कोणी कोणत्या वारी घ्यायचं, पाइपलाइनचं तोंड कोणाच्या रानात काढायचं, बांधावरचा आंबा कोणाचा, ट्रॅक्टरचे राहिलेले हप्ते कोणी फेडायचे, सगळं बारकाईनं ठरतं. शेवटी, बहुतेक वेळा चहा आल्यावर, कोणीतरी विचारतं, ‘अन् म्हाताऱ्या माणसांचं काय?’ मग उठता उठता ठरतं. एकेक महिना एकेकाकडे. नाहीतर बाप थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेली दोन माणसं त्या दिवसापासून दोन घरांत वाटली जातात. आंब्याची नोंद कागदावर येते, आईची येत नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात ही रीत इतकी सरावाची झाली आहे की तिच्यात कोणाला वावगं दिसत नाही. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झालेला हा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा आहे. चौदा तालुके, एका टोकाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेडची कोरडवाहू रानं. प्रवरेच्या काठी ऊस, दूध आणि साखर कारखाने, पूर्वेला ऊसतोडीला बाहेर पडणारी गावं. पाणी वेगळं, पिकं वेगळी, पण वाटणीनंतरची ही महिन्याची व्यवस्था सगळीकडे ओळखीची. एकतीस दिवसांचा महिना आपल्याच वाट्याला का, यावरून भांडणारे भाऊ ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही गोष्ट अतिशयोक्ती वाटणार नाही. त्या एकतिसाव्या दिवशी म्हातारी कोणाच्या ताटावर बसणार, हा प्रश्न खरोखर विचारला जातो, आणि तिच्यासमोर विचारला जातो.

यात मारहाण नाही, शिवीगाळ नाही, उपाशी ठेवणंही नाही. तरीही ज्येष्ठांच्या छळाबद्दल लिहायला बसलो तर मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. आपल्याकडचा छळ बहुतेक वेळा असाच, सगळ्यांच्या देखत आणि सगळ्यांच्या संमतीनं, एखाद्या व्यवस्थेच्या रूपानं घरात शिरतो. अंगावरची जखम फार पुढे येते. त्याआधी कितीतरी दिवस तो कागदात, अंथरुणाच्या जागेत, ताटात आणि बँकेच्या पासबुकात दिसत असतो. तिथे बघायची सवय आपल्याला लागलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या या बाबतीत उपयोगी आहे. जिथे विश्वास ठेवायला हवा अशा नात्यात वृद्ध माणसाला इजा किंवा यातना होईल असं एकदा किंवा वारंवार वागणं, किंवा जे करायला हवं ते न करणं, म्हणजे छळ. ‘न करणं’ हे त्यात आलं, हे फार महत्त्वाचं. मारणं, टोचून बोलणं, पैसा-जमीन लुबाडणं, लैंगिक अत्याचार आणि दुर्लक्ष, असे त्याचे प्रकार मानतात. लैंगिक अत्याचाराबद्दल आपल्याकडे अक्षरही काढलं जात नाही, म्हणून तो होत नाही असं कोणी समजू नये. हा विषय जगातही जुना नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून घरात मार खाणाऱ्या आज्यांकडे लक्ष वेधलं, तिथून चर्चा सुरू झाली. १५ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी या विषयासाठी मान्य केला तो २०११ मध्ये.

संघटनेचा अंदाज आहे की जगात साठीपुढच्या सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावं लागतं. आपल्याकडे मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभर मोठी पाहणी केली, पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त माणसांची. तिच्यात साठीपुढच्या सुमारे पाच टक्के लोकांनीच वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. म्हणजे वीसांत एक. आपण जगापेक्षा इतके चांगले आहोत, असा अर्थ यातून काढायला मी तयार नाही. पाहणी करणारा ओसरीवर बसून विचारत असतो, आत स्वयंपाकघरात सून ऐकत असते, अंगणात मुलगा गाडी पुसत असतो. अशा वेळी कोणती आई काय सांगेल? ‘आपलेच दात, आपलेच ओठ’ हे वाक्य या जिल्ह्यातल्या कितीतरी आयांनी आपल्यापाशी उच्चारलेलं असतं. पाच टक्क्यांचा आकडा हा बोलू शकलेल्यांचा आकडा आहे.

म्हणून विचारण्याच्या आधी बघायला शिकलं पाहिजे.

पहिली गोष्ट अंथरूण. घर नवं झालं, स्लॅबचं झालं, फरशी बसली. म्हातारा कुठे झोपतो? पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, गोठ्याच्या कडेला? ‘त्यांना तिथंच बरं वाटतं, जनावरांकडं लक्ष राहतं’ असं सांगितलं जातं, आणि काही वेळा ते खरंही असतं. हयात रानात गेलेल्या माणसाला बंद खोलीत कोंडल्यासारखं होतं. खरं-खोटं कसं ओळखायचं? पंखा आहे का, थंडीत पांघरूण पुरेसं आहे का, रात्री लघवीला उठायचं तर दिवा आणि धरायला काही आहे का, हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल का. आवडीनं शेडमध्ये झोपणाऱ्या बापासाठी मुलगा निदान बल्ब लावतो.

दुसरी गोष्ट चष्मा. साधी वाटते, पण माझ्या मते घरातल्या वृद्धाची किंमत सांगणारी याहून चांगली खूण नाही. काडी मोडलेली, दोऱ्यानं बांधलेली, एक भिंग तडकलेलं, आणि हे किती महिने? दातांची कवळी सैल झाली म्हणून डब्यात पडून आहे आणि भाकरी मात्र तशीच कडक वाढली जाते. कानाच्या यंत्राचा सेल संपला तो संपलाच, आणि मग ‘म्हाताऱ्याला काही कळतच नाही’ हे घराचं पालुपद होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत तिसऱ्या दिवाळीपर्यंत लांबतं. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोडची खुर्ची अशा गोष्टींसाठी राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, पासष्टीपुढच्यांच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये. ते पैसे जमा झाल्यावर चष्मा बदलला का, एवढं शेजाऱ्यानं बघितलं तरी घरातलं बरंच कळेल.

औषधांचंही तसंच. रक्तदाबाची गोळी आणायला मुलगा विसरतो, एकदा, दोनदा. पण शेतीसेवा केंद्रातून फवारणीचं औषध आणायला तो विसरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडापाशी पडलेल्या जखमा, सुकलेली जीभ, न कापलेली नखं, लघवीचा वास, यांकडे आशाताई आणि डॉक्टरांनी रोगाचा भाग म्हणून बघू नये. दंडाच्या वरच्या भागावर बोटांचे काळेनिळे वळ असतील आणि ‘पडले’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर बाकीच्यांना बाहेर बसवून एकट्या माणसाशी बोललं पाहिजे. दवाखान्यात सगळी उत्तरं मुलगाच देतो आणि म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहते, हीसुद्धा खूणच.

मनाचे हाल ओळखायला याहून अवघड. नातवंडांना जवळ जाऊ न देणं, मोबाइल काढून घेणं, शेजारणीकडे बसायला जायला बंदी, पाहुणे आले की ‘आत बसा’. जेवताना कोणी न बोलणं. विसरभोळेपणाचा आजार जडलेल्या माणसाचं तर विचारूच नका. तो पुन्हा पुन्हा जेवायला मागतो, पैसे चोरले म्हणतो, रात्री घराबाहेर पडतो, आणि घरचे त्याला नाटकी ठरवून दार बाहेरून लावून घेतात. अशा घराला आधी आजार समजावून सांगणाऱ्या डॉक्टरची गरज असते, पोलिसाची नंतर.

* * *

आता पासबुक. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माणसाला महिना दीड हजार रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ते हजार होते. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात. तहसील कचेरीत हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेवढ्यापुरती म्हातारी मोटारसायकलवर बसून तालुक्याला येते. एरवी गावातल्या बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर अंगठा टेकवून पैसे काढायचे असतात.

हा अंगठा नीट बघण्यासारखा असतो. खुरपणी करून, भांडी घासून त्यावरच्या रेघा पुसट झालेल्या असतात, यंत्र पहिल्या वेळी घेत नाही. मुलगा किंवा नातू बोट धरून दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो. यंत्रातून चिठ्ठी निघते, ती तो घेतो. नोटा तो घेतो. कधी त्यातले शंभर आजीच्या हातावर ठेवतो, कधी तेही नाही. किती निघाले हे तिला ऐकू आलेलं नसतं किंवा वाचता आलेलं नसतं. बँकमित्र गावातलाच, त्याला सगळं दिसतं. नोटा खातेदाराच्या हातात द्यायच्या आणि रक्कम मोठ्यानं सांगायची, एवढं त्यानं ठरवलं तरी दर महिन्याला एका गावात दहा-वीस अंगठ्यांचं रक्षण होईल. याला खर्च नाही, शासन निर्णय नको.

निवृत्तिवेतन मोठं असेल तर गोडीगुलाबी जास्त असते, लूटही मोठी. नगर ही चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राची जागा आणि जिल्ह्यात माजी सैनिकांची वस्ती दाट. सैनिकाच्या विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन, निवृत्त गुरुजींचं निवृत्तिवेतन, दूध संघाचा दहा दिवसांचा पगार, उसाचं बिल, रस्त्याला गेलेल्या जमिनीचा मोबदला, या सगळ्या पैशांभोवती घर फिरतं. एटीएमचं कार्ड कोणाच्या खिशात आहे? त्याचा आकडा कोणाला माहीत आहे? आईला स्वतःसाठी शेवटची वस्तू केव्हा घेता आली? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढचं विचारायची गरज उरत नाही. आणि दारूच्या पैशांसाठी आईवर हात उगारणारा मुलगा हा तर आपल्या गावागावांतला जुना, सगळ्यांना माहीत असलेला गुन्हेगार. ‘पिऊन आला की करतो, एरवी चांगला आहे’ असं त्याच्याबद्दल बोललं जातं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सुनेइतकाच आईलाही लागू आहे, हे गावात कोणी सांगत नाही.

सगळ्यांत मोठा व्यवहार अर्थात जमिनीचा. २०१५ पासून राज्यात शेतजमीन किंवा राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये ठेवलं गेलं. हेतू चांगला होता. पण यामुळे हयातभराची कमाई एका दुपारी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, फोटो आणि अंगठा देऊन नावावरून निघून जाते. ‘बाबा, कर्ज काढायला सोपं पडेल’, ‘नंतर कटकट नको’, ‘बहिणी हिस्सा मागतील’. दस्त लेखनिकानं तयार ठेवलेला मजकूर कोणी वाचून दाखवत नाही. त्यात ‘प्रेमापोटी व राजीखुशीनं’ असे शब्द असतात. सांभाळ करायची अट मात्र नसते. अट घाला म्हटलं तर मुलाचा चेहरा उतरतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ या एका वाक्यापुढे बाप हरतो.

कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. आप्पा बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात आणि मग घर शोधत फिरतात, हे मराठी माणसानं दोन पिढ्या रडत पाहिलं. नाटक पाहून आलेल्या किती जणांनी आपल्या दस्तात एक अट घातली असेल?

त्या एका अटीवर किती अवलंबून असतं, ते सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या दोन प्रकरणांवरून कळतं. २००७ साली केंद्रानं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याचं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत घेता येते. आईनं मुलींना हक्कसोड दिल्याचं हरियाणातलं प्रकरण डिसेंबर २०२२ मध्ये निकाली निघालं. न्यायमूर्ती कौल आणि ओक यांच्या पीठानं म्हटलं, दस्त सांभाळाच्या अटीवर झाला होता हे दिसलं पाहिजे, नुसतं म्हणून चालणार नाही. आई हरली.

दुसरं प्रकरण मध्य प्रदेशातल्या छतरपूरचं. आईनं सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं. त्याच दिवशीचं एक वचनपत्रही होतं, मरेपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईला मालमत्ता परत घेता येईल. वर्षभरात हाल सुरू झाले, डिसेंबर २०२० मध्ये तिनं प्रांताकडे अर्ज केला. मुलानं वचनपत्र बनावट असल्याचं म्हटलं. प्रांत, जिल्हाधिकारी, उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश तिच्या बाजूनं, मग खंडपीठ विरुद्ध. २ जानेवारी २०२५ रोजी न्यायमूर्ती रविकुमार आणि करोल यांनी बक्षीसपत्र रद्द ठरवलं. हा कायदा वृद्धांच्या बाजूनं, उदारपणे वाचायचा आहे आणि असे अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकरणाला ताबा देववण्याचा अधिकार आहे, हे त्यांनी स्पष्ट केलं. एका आईकडे कागदाचा एक तुकडा होता, दुसरीकडे नव्हता.

तेव्हा दस्त करायचाच असेल तर हे वाक्य त्यात असू द्यावं: ‘देणार यांच्या हयातीपर्यंत त्यांचे जेवणखाण, निवारा, औषधपाणी व देखभाल करण्याची जबाबदारी घेणार यांच्यावर राहील, ती पाळली न गेल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मिळकत परत घेण्याचा हक्क देणार यांना राहील.’ याला जास्तीचा पैसा लागत नाही. त्याहून बरं म्हणजे घाई न करता मृत्युपत्र करावं, ते केव्हाही बदलता येतं. वाटणी करताना स्वतःचा हिस्सा सोडू नये. मुलांत वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाइतका हिस्सा मिळण्याचा नियम आपल्याकडच्या हिंदू कायद्यात जुनाच आहे, पण ओसरीवरच्या त्या बैठकीत तिला आतून चहा आणायला सांगितलेलं असतं. सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाचे वीस गुंठे असलेल्या म्हातारीच्या चहात साखर जास्त पडते, असं बायका बोलतात. त्यांना आपलं घर माहीत आहे.

* * *

इथे सुनेबद्दल लिहिलं पाहिजे, कारण अशा लेखांत सगळं खापर तिच्यावर फुटतं. वृद्धाचं करणं म्हणजे प्रत्यक्षात तिनं करणं. मुलगा ‘सांभाळतो’, पण लघवीचं भांडं ती उचलते. दोन गायींचं शेण, मुलांचे डबे, खुरपणी आणि वर अंथरुणावरची सासू. त्या सासूनं तीस वर्षांपूर्वी तिला कसं वागवलं असेल, तेही गावाला ठाऊक असतं. जुने हिशोब चुकते करण्याची संधी अशा वेळी हातात येते, आणि काही जणी ती घेतात. ते मला मान्य नाही. ज्याला उठता येत नाही त्याच्यावर सूड घेणं हा छळच. पण आठवड्यातून एक दिवस मुलगा स्वतः आईची अंघोळ, जेवण, कपडे बघेल तर त्या घरातला अर्धा राग ओसरेल, हेही तितकंच खरं. पुंडलिकाचं नाव आपण मातृपितृभक्तीसाठी घेतो. पण कथेतला पुंडलिक आधी आई-बापांचे हाल करणाराच मुलगा होता, बायकोला सुखात नेऊन म्हाताऱ्यांना पायी चालवणारा. पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्यांतून या भागावरही कीर्तनं व्हायला हवीत.

मुलींचं वेगळं दुखणं. लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही केली की माहेरच्या घरात तिला बोलायला जागा राहत नाही. ‘तुझं काय आहे इथं?’ हा प्रश्न तिला भाऊ विचारू शकतो. तरी दिवाळीत, भाऊबीजेला ती येते आणि आईची पाठ चोळताना हाडं हाताला लागतात, ते तिलाच कळतं. आई म्हणते, ‘बरं चाललंय.’ मुलीनं या दिवसांत आईला एकटीला घेऊन अर्धा तास देवळापर्यंत जावं, घराबाहेर आई वेगळं बोलते. २००७ च्या कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघंही, सज्ञान नातवंडंही. मुलीची जबाबदारी आहे, तसा तिला आईसाठी उभं राहण्याचा अधिकारही आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे वेगळंच चित्र असतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, कोयता ठरलेला, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रक, ट्रॅक्टर भरून निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. मागे राहतात म्हातारे आणि शाळेची मुलं. सत्तरीची आजी नातवंडांसाठी भाकरी थापते, पाणी भरते, आजारी पडली तर तिला दवाखान्यात न्यायला वस्तीवर तरणं माणूस नसतं. व्याख्येप्रमाणे हे दुर्लक्ष आहे. पण त्या मुलाला मी गुन्हेगार म्हणणार नाही. उचल फेडायची असते, रानात पाणी नसतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारनं संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं सुरू केली. त्यांच्या आई-बापांसाठी गाळप हंगामाच्या महिन्यांत गावात एक वेळचं शिजवलेलं जेवण आणि आठवड्याला एक तपासणी, एवढं का होऊ नये? ज्या उसावर या जिल्ह्यातले कारखाने उभे राहिले, आशियातला पहिला सहकारी कारखाना प्रवरानगरला उभा राहिला, त्या उसाच्या टनामागे काही पैसे बाजूला काढले तरी हे भागेल. इथला छळ एका मुलाच्या हातून होत नाही, तो एका धंद्याच्या रचनेतून होतो.

घरातून पार तुटलेल्यांची अवस्था बघायची तर नगरजवळ शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानात जावं. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण, निराधार बायकांना ते घर देतात. तिथल्या कितीजणी कोणाच्या तरी आई आहेत, याचा विचार मनातून जात नाही. तीर्थाच्या गावी दर्शनाला म्हणून आणून सोडलेले म्हातारेही आपल्याला नवे नाहीत. ज्येष्ठाला असं टाकून देणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्ह्याच्या मानानं ही शिक्षा फार किरकोळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चरितार्थाची रक्कमही कायद्यानं महिना दहा हजारांवर अडवून ठेवली आहे. ती मर्यादा उठवणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

सरकारी नोकरांच्या बाबतीत लातूर जिल्हा परिषदेनं एक धाडस केलं. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आई-वडिलांच्या खात्यात भरायचे, असा ठराव २०२० मध्ये केला आणि काही जणांचा पगार खरोखर कापला. त्यात गुरुजी होते, हे वाचून जास्त वाईट वाटलं होतं. पण तो ठराव योग्य होता. पतसंस्था, सोसायटी, दूध संघ, कारखाना यांच्या नोकरांनाही असा नियम लावायला कोणाची हरकत असावी?

२००७ च्या कायद्याचा आधार घेणं फार अवघड नाही. अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. संगमनेर, शिर्डी, श्रीरामपूर, कर्जत, पाथर्डी, नगर इथे प्रांत कचेऱ्या आहेत. अकोल्याच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याला संगमनेर लांब पडतं. पंचाहत्तरी ओलांडली असेल तर २०२२ पासून एसटी फुकट आहे, हाच काय तो आधार. दोन्ही बाजूंना वकील लावता येत नाही. निकाल लागेपर्यंत हंगामी रक्कम मंजूर करता येते. आदेश मोडला तर वॉरंट निघतं, महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मूल नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची इस्टेट ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे त्या पुतण्या-भाच्यावर दावा सांगता येतो. आदेश पटला नाही तर साठ दिवसांत अपील. मुलानं उच्च न्यायालयात धाव घेतली तर मात्र खंडपीठाच्या चकरा म्हाताऱ्याच्या नशिबी येतात. तिथेही धीर सोडू नये. मुंबईत साकीनाक्याच्या दोन खोल्यांतून आई-बापांना बाहेर ठेवणाऱ्या थोरल्या मुलाचं प्रकरण १२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. बाप ऐंशीचा, आई अठ्ठ्याहत्तरची. मुलगा स्वतःच ज्येष्ठ नागरिक आहे म्हणून उच्च न्यायालयानं त्याला अभय दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते मोडून खोल्या रिकाम्या करायला लावल्या.

कायद्यात आणखी एक सोय आहे, जी गावात जवळजवळ कोणी वापरत नाही. वृद्धाला स्वतः येणं जमत नसेल तर त्यानं नेमलेला दुसरा माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि प्राधिकरण आपण होऊनही दखल घेऊ शकतं. आपल्या हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्यानं ठेवायची आहे. ती आहे का, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. सकाळी दूध घालायला येणारा, आशाताई, बँकमित्र, पोस्टमन, किराणा दुकानदार, या पाच जणांना गावातलं प्रत्येक म्हातारं माणूस आठवड्यातून एकदा तरी दिसतं. एखादं आठ दिवस दिसलं नाही तर आत जाऊन हाक मारावी. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर शेजाऱ्यालाही फोन करता येतो. राज्यात ती पुण्याची जनसेवा फाउंडेशन चालवते. मारहाण चालू असेल तर ११२.

अर्जाला साधा कोरा कागद चालतो. वर आपलं नाव, वय, पत्ता. खाली मुला-मुलींची नावं, पत्ते, कोण काय कमावतं. मग काय होतंय ते आपल्या शब्दांत, तारखा आठवतील तशा. जमीन किंवा घर दिलेलं असेल तर दस्ताची नक्कल आणि सातबारा. शेवटी काय हवं आहे ते: महिन्याचे पैसे, राहायला खोली, औषधं, की दस्त रद्द. लिहिता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आणि तालुका विधी सेवा समितीत फुकट मदत मिळते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि दुसरीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यावी. निकालाची नव्वद दिवसांची मुदत मुलाला नोटीस मिळाल्यापासून धरतात, त्यामुळे नोटीस निघाली का, हे आठवडाभरानं कचेरीत जाऊन विचारावं, आणि निघाली नसेल तर पुन्हा आठवडाभरानं.